अंथुर्ण्याला आलेली पर्शियन

आता मी सत्तरीला टेकले आहे, त्यामुळे साठीतल्या पोरींचं मला फार हसू येतं. आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटत असतं. साठीत मीही तशीच होते. अंथुर्ण्यात कुणाची म्हैस अडली, कुणाच्या शेळीचं पोट फुगलं, की मला बोलावणं यायचं आणि मी पदर खोचून अशा ऐटीत निघायचे, जसा काही जनावरांचा दवाखाना मीच काढलाय. त्या ऐटबाज बाईची मांजराच्या एका पिल्लापुढं काय दशा झाली, ते लिहायचं बरीच वर्षं टाळत आले. तेव्हाच लिहिलं असतं तर निम्मं खोटं लिहिलं असतं.

सुरुवात झाली नातीच्या मोबाइलवरून. ती बारामतीला होस्टेलवर राहून शिकत होती. सुट्टीला घरी आली, पायरीवर माझ्या शेजारी बसली आणि फोन माझ्या नाकापुढं धरला.

"आजे, हे बघ."

मी चष्मा पदरानं पुसला आणि बघितलं. धुराच्या रंगाचं मांजराचं पिल्लू होतं. बेंदराच्या सणाला करतात त्या ओल्या मातीच्या बैलाचं तोंड बोटानं आत दाबावं, तसं त्याचं नाक आत गेलेलं. आणि डोळे! नव्या कळशीच्या तांब्याचे डोळे. हसत नव्हतं, रडत नव्हतं, नुसतं माझ्याकडं बघत होतं. साठ वर्षांत माझ्याकडं इतक्या रागानं आणि इतक्या देखणेपणानं कुणी बघितलं नव्हतं.

"हे मांजर हाय व्हय?"

"पर्शियन म्हणतात. लोक लई पैसं मोजतात ह्याला. ह्या बाई फुकट देत्यात."

"फुकट? मग काय तरी खोट आसंल."

"खोट न्हाय गं. त्या पुण्याला लेकीकडं राहायला चालल्यात. लेकीच्या सोसायटीत एकच मांजर चालतंय. ह्याची आई जाणार त्यांच्याबरोबर. हे मागं राहणार. बघ की, लिवलंय खाली, चांगल्या घरी विनामूल्य देणे आहे."

आमचे मालक बाजेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "घरात दोन मांजरं येत्यात-जात्यात. त्यास्नी कुणी दिली न्हायती का आणली न्हायती. आता बारामतीवरनं मांजर आणायचं?"

मी फोन नातीच्या हातात परत दिला. पण मनात पक्कं झालं होतं. आमच्या घरात तोवर जे जनावर आलं ते कामाला आलं. म्हैस दुधाला, कोंबडी अंड्याला, कुत्रं राखणीला, गावठी मांजर उंदराला. माणसंही तशीच आली म्हणा, मी धरून. नुसतं बघत बसावं असं काही घरात आलं नव्हतं. आणि ते फोटोतलं तोंड बघून मला पहिल्यांदा वाटलं, की असं एक तरी असावं.

पुढच्या आठवड्यात मी बारामतीला गेले. डाळिंबं आणि मेथीच्या चार जुड्या पिशवीत, धुवट इरकल अंगावर, आणि डोक्यात हवा. आपण त्या बाईंवर उपकार करायला चाललोय, त्यांची अडचण सोडवायला चाललोय, असा तोरा. नात स्टँडवर घ्यायला आली आणि आम्ही भिगवण रस्त्याच्या मागच्या बाजूला त्यांच्या घरी पोचलो.

बाई माझ्याच वयाच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. घरभर खोकी बांधून ठेवलेली. त्यांनी डाळिंबांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हे कशाला? मी लाच घेत नाही." मग हसल्या, आणि पिशवी आत ठेवली.

आणि सुरू झाले प्रश्न.

"घरात माणसं किती?"

"पाच."

"कुत्रं आहे?"

"न्हाय." आमचं काळं कुत्रं त्या वेळी अंगणात आरामात पडलं असणार.

"शेतात फवारणी करता ना? औषधं कुठं ठेवता?"

"पंपाच्या खोलीत. कुलपात."

"उंदरांचं औषध घालता?"

"आता न्हाय घालणार."

"ही झोपणार कुठं?"

"घरात."

"घरात कुठं?"

नात गालात हसत होती. मला घाम फुटला. सतरा वर्षांची असताना मला बघायला आले होते, त्यांनीसुद्धा इतकं विचारलं नव्हतं. सुईत दोरा ओवायला लावला, चार पावलं चालून दाखव म्हणाले, झालं काम. "माझ्या उशापाशी," मी म्हणाले. ते मी त्या क्षणापर्यंत ठरवलंच नव्हतं.

"ताई, खरं सांगा, हिला कशाला नेताय? उंदरांसाठी नेत असाल तर उपयोग नाही. ही उंदीर बघून पळेल."

"बघत बसायला," मी म्हणाले.

बाईंनी तेव्हा माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. उठल्या, काठी टेकत आत गेल्या आणि पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

वजनच नव्हतं. वासरं, करडं, कोंबडीची पिल्लं, सगळं या हातांनी उचललेलं, पण हे हातात घेतल्यावर बोटं आत आत जात राहिली आणि पार आत कुठंतरी एक बारीकसा, ऊन ऊन जीव लागला. छाती धडधडत होती त्याची. मी श्वास रोखून बसले. नात म्हणाली, "आजे, श्वास घे."

मग बाईंनी एक कागद दाखवला. पिल्लाच्या आईबरोबर आलेली वंशावळ. चार पिढ्यांची नावं, प्रत्येकाचं तीन-तीन शब्दांचं, आडनावासकट. आमच्या घरी वारसनोंदीला सासऱ्यांच्या आजोबांचं नाव हवं होतं, तेव्हा आठवडाभर तलाठ्याकडं खेटे घातले होते. आणि या बोटभर प्राण्याला पणजीचा रंगसुद्धा माहीत!

"विकलं असतंत तर चार पैसं आलं असतं," मी म्हणाले.

"विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळतं, ताई. मला घर पाहिजे होतं." मग त्यांनी चहूबाजूंनी जाळी असलेली झाकणाची टोपली दिली, खाण्याचा पुडा दिला, आणि बजावलं, "म्हशीचं दूध नाही द्यायचं. रोज संध्याकाळी सहाला मला फोन. जरा काही झालं तर मी परत घेऊन जाणार. मी पुण्याला जायला अजून दहा दिवस आहेत."

"व्हय, व्हय," मी म्हणाले. म्हशीवाल्याच्या घरात दूध नाही द्यायचं म्हणे.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. आमच्याकडं मांजर एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचं तर गोणपाटात घालून नेतात, तोंड बांधून. मांजराला वाट दिसली की ते माघारी पळतं. माझ्या आईनं असं नेलं, सासूनं असं नेलं, आणि मी स्वतः किती मांजरं कालव्यापलीकडं नेली असतील. आणि ही टोपली तर चहूबाजूंनी जाळीची. बारामतीपासून अंथुर्ण्यापर्यंतचा सगळा रस्ता दिसणार हिला. एवढं देखणं मांजर, आणि चार दिवसांत बाईंच्या दारात परत! मला ते सहनच होईना.

नात मला गाडीत बसवून गेली. ती वळणाआड गेल्याबरोबर मी पिशवीतून घडी घातलेलं गोणपाट काढलं. होय, मी घरूनच आणलं होतं. पिल्लाला त्यात घातलं, सुतळीनं तोंड आवळलं, आणि सीटखाली दोन पायांच्या मध्ये ठेवलं. रिकामी टोपली मांडीवर. एप्रिलचं ऊन, गाडी भरलेली, खालून पत्रा तापलेला.

"आज्जी, टोपलीला तिकीट न्हाय लागत, पर पोत्यात काय हाय?" कंडक्टर म्हणाला.

"मांजर."

"मग मांजर पोत्यात आन् टोपली मांडीवर?"

"तुला न्हाय कळायचं. तू तिकीट फाड."

पिल्लू पिंपळीपर्यंत ओरडत होतं. अगदी बारीक आवाज, सुईसारखा. भवानीनगर मागं पडलं तेव्हा ते गप्प झालं. मी शेजारच्या बाईला सांगितलं, "बघा, कशी गुमान झोपली. वाट दिसली न्हाय म्हंजी मांजर शांत ऱ्हातं." ती लासुर्ण्याची होती. तिनं चपलेनं हळूच गोणपाटाला स्पर्श केला.

"मावशी, हलंना की वो. मेलं का काय?"

मी सुतळी सोडली. हात आत घातला. सकाळी जिथं बोटं बुडत होती तिथं आता सगळं ओलं आणि ढिलं लागलं. बाहेर काढलं तर मान लोंबली. तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि जिभेचा रंग जांभळासारखा. ते आत दाबलेलं नाक! फोटोत बघून मी वेडी झाले होते त्या नाकाला, पण त्यातून वारा किती जाणार, तापलेल्या पत्र्यावर, बांधलेल्या गोणपाटात, हे जनावरांचा दवाखाना काढलेल्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. कंडक्टरनं घंटी मारली आणि सणसरच्या अलीकडं लिंबाखाली गाडी थांबली. लासुर्ण्याच्या बाईनं तिची पाण्याची बाटली दिली, मागून आणखी दोन आल्या. मी पदर भिजवला, त्याचे पंजे पुसले, कान पुसले, पोट पुसलं. ड्रायव्हर उठून मागं आला, बघितलं, परत गेला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मग जे झालं त्यानं आजही माझ्या अंगावर काटा येतो. इंजिनाचा आवाज थांबला आणि गाडीतली सगळी माणसं गप्प झाली. उसाच्या चर्चा थांबल्या, कुणाचा फोन वाजला तो त्यानं बंद केला. खिडकीपाशी उभी असलेली कॉलेजची पोरं, पाय चेपत बसलेला म्हातारा, सगळे माझ्या मांडीकडं बघत होते. एवढी माणसं एका मुठीएवढ्या जिवाच्या श्वासाची वाट बघत होती. मी कितीतरी म्हशी सोडवल्या, कितीतरी वासरांच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, पण श्वास ही वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. धुरकट केसांच्या आत, बरगड्यांच्या खाली, काहीतरी किंचित वर आलं. खाली गेलं. परत वर येईना. मग आलं.

"आला!" लासुर्ण्याची बाई म्हणाली. म्हातारा म्हणाला, "हूं." इतकंच.

जिभेचा रंग हळूहळू परत आला, आणि त्या तांब्याच्या डोळ्यांनी तिनं माझ्याकडं बघितलं. तोच राग. मी इतकी रडले की कंडक्टरनं डोक्यावरची टोपी काढली.

"आज्जी, आता टोपलीत ठेवा," तो म्हणाला. "दिसू द्या वाट. फार तर माघारी जाईल."

घरी पोचले. मालकांनी पिल्लाकडं बघितलं, बाजेवरून उठले, जवळ येऊन परत बघितलं. "आयला," म्हणाले.  काळ्या कुत्र्याला त्यांनीच गोठ्यात नेऊन बांधलं.

सहाला बाईंना फोन लावला. "कशी आहे?"

"मजेत हाय," मी म्हणाले.

पण ती खाईना. बाईंनी दिलेलं खाणं मी पितळेच्या खोल वाटीत, कोमट पाण्यात भिजवून ठेवलं. तिनं वास घेतला, वाटीच्या कडेला तोंड लावलं आणि मागं सरकली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. दुपारीही तेच. मला वाटलं, आतून काहीतरी गेलं असणार. गाडीत वाचली, पण आता कणाकणानं जाणार. बोटावर घेऊन चाटवलं तर थोडं चाटायची आणि माझ्या बोटाकडं बघत बसायची. गावातल्या डॉक्टरला फोन केला, तो म्हशींचा. म्हणाला, "काकी, ह्या जातीचं मला काय कळत न्हाय. ज्यांनी दिलं त्यास्नी विचारा."

ज्यांनी दिलं त्यांना विचारायचं म्हणजे सगळं सांगायचं. सगळं सांगितलं की ती जाणार. दुपारभर मी त्या टोपलीपाशी बसून होते. ती पोटाखाली पाय घेऊन, डोळे अर्धे मिटून बसलेली. खरं तर इतकं सोपं होतं, पण ऐटीत जगलेल्या बाईला 'माझं चुकलं' हे दोन शब्द बोलायला किती जड जातं! मला तर लग्नानंतर ते एकदाही बोलल्याचं आठवत नव्हतं. मालकांना विचारलं, त्यांनाही आठवेना.

सहा वाजायच्या आधीच मी फोन लावला.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. गोणपाट, पत्रा, जीभ, गाडी. कुत्रं पण सांगितलं. आता ती खात नाही हे सांगितलं.

पलीकडं काठी टेकल्याचं ऐकू आलं. मग एकदम कोरडा आवाज.

"श्वास घेताना आवाज येतो?"

"न्हाय."

"पाणी पिते?"

"पिती. परातीतलं."

"खायला कशात देताय?"

"वाटीत. पितळंच्या."

"खोल वाटी?"

"व्हय."

"ताई, तोंड बघितलंत का तिचं? वाटीत जाईल ते? बशीत द्या. सपाट बशीत."

मी फोन तसाच चालू खाली ठेवला, चहाची बशी घेतली, खाणं पसरलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं वास घेतला. जीभ काढली. आणि खाल्लं! पहिल्यांदा हळू, मग असं भराभर की बशी जमिनीवरून सरकत भिंतीपर्यंत गेली आणि तीही तिच्या मागं. एवढंच होतं ते.  फोनमधून बाई "ताई? ताई?" म्हणत होत्या. मी फोन बशीपाशी धरला, चपचप ऐकू जावी म्हणून.

बाईंनी ती ऐकली. मग म्हणाल्या, "उद्या मी येते."

कशाला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एसटीनं आल्या. फाट्यावर मी गेले होते. एवढ्या दुखऱ्या गुडघ्याच्या माणसानं माझ्या चुकीपायी एसटीची पायरी चढावी, याची लाज वाटून मी त्यांची पिशवी ओढून घेतली. बाईंनी घर बघितलं. पंपाच्या खोलीचं कुलूप ओढून बघितलं. उशी बघितली. गोठ्यात जाऊन कुत्र्याला बघितलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हे मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या निऱ्यांना काळे आखूड केस होते."

"मग दिलीत कशाला वो?"

"बघत बसायला म्हणालात ना."

मी टोपली आणून त्यांच्यापुढं ठेवली. "न्यायची आसंल तर न्या," मी म्हणाले. "माझी काय तक्रार न्हाय." मालक दारात उभे होते, त्यांनी खाली बघितलं.

बाईंनी पिल्लाला उचललं. कान बघितले, हिरड्या बघितल्या, छातीला कान लावून किती तरी वेळ ऐकत राहिल्या. मग पिशवीतून बारीक दातांची एक कंगवी काढली आणि माझ्या हातात दिली.

"विंचरा."

मी विंचरायला लागले, नातीचे केस विंचरायचे तसे, वरून खाली, झटक्यात.

"असं नाही. गुंता ओढायचा नाही. खालच्या टोकापासून सोडवत वर या. आणि पोटाकडं हळू, तिथं कातडी कागदासारखी असते."

 एकेक केस वेगळा होत गेला, आणि आतला रंग दिसायला लागला. वरून धूर, आत फिकट, अगदी कातडीपाशी जवळजवळ पांढरा. पहाटे कालव्यावर धुकं उतरतं तसं. मी विंचरत राहिले.  चहा थंड झाला. गोणपाटाचा एक धागा निघाला, त्यांनी तो चिमटीत धरून बाजूला ठेवला.

परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्या काठी टेकून उठल्या. वंशावळीचा कागद पिशवीतून काढून त्यांनी माझ्या उशीखाली सरकवला. टोपलीला हात लावला नाही.

"रोज सहाला फोन," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ताई. प्रयत्न करू नका."

फाट्यापर्यंत मी पिल्लाला खांद्यावर घेऊन गेले. गाडी आली. बाई चढल्या, खिडकीत बसल्या, आणि गाडी हलेपर्यंत समोर बघत राहिल्या. एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी. हात तेवढा खिडकीच्या गजावर घट्ट होता. तेव्हा मला कळलं, की गेल्या दोन दिवसांत जीव फक्त माझाच टांगणीला लागला नव्हता.

गाडी लांब गेली आणि माझ्या गळ्यापाशी, हाडाला लागून, घुरघुर सुरू झाली. आधी मला लांबून ट्रॅक्टर येतोय असं वाटलं. मग समजलं. मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले, जरासुद्धा न हलता. जाणारे-येणारे विचारत होते, "काकी, कुणाची वाट बघताय?" आणि मी मान हलवून नाही म्हणत होते, कारण बोलले असते तर ती थांबली असती.